दमा आणि आपली शाळा

मराठी भाषेत ‘दम’ हा शब्द किती वेगवेगळ्या वेषांत वावरतो, हे पाहण्यासारखे आहे. आपण चालून थकलो म्हणजे दम घेतो, घाई करणाऱ्यास दम धर म्हणतो, चढ चढताना आपली दमछाक होते, आणि एखाद्याच्या लेखनात जीव असला म्हणजे त्याच्या लेखनात दम आहे अशी त्याची वाखाणणी करतो. हा शब्द मूळचा फारसी असून श्वास हा त्याचा पहिला अर्थ आहे. दमा हे रोगाचे नावही त्याच घराण्यातले. आमच्या कोंकणीत त्यालाच ‘दमो’ म्हणतात. संस्कृत वैद्यकग्रंथांत या रोगाला ‘तमक श्वास’ असे नाव असून चरकसंहितेत श्वासाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी हा एक होय. रोगी आडवा झाला की त्याचा त्रास वाढतो, उठून बसला की थोडा हलका होतो. आभाळ भरून आले, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की रोग बळावतो, हे सारे निरीक्षण त्या ग्रंथात आले आहे. तमकाच्या एका पोटभेदात रोग्यास आपण अंधारात बुडत आहोत असे वाटते, असेही तेथे म्हटले आहे. दम्याचा झटका ज्याने सोसला आहे, त्याला हे वर्णन किती यथार्थ आहे ते वेगळे सांगावयास नको.

इतका जुना व इतका ओळखीचा हा रोग असूनही शाळेत त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात सुमारे ४ लाख ५५ हजार माणसे त्याने दगावली. मुलांच्या दीर्घकालीन आजारांत तर दम्याचा क्रमांक अगदी वरचा लागतो. तेव्हा ज्या शाळेत शेकडो मुले शिकतात, तेथे दमा असलेली मुले असणारच. ती आपल्याला दिसत नसतील तर त्याचे कारण ती नाहीत हे नव्हे. ती मुकाट्याने सोसत असतात, हे होय.

आम्ही शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. औषध ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा. परंतु दिवसाचे सहा तास मूल शाळेच्या छपराखाली असते. त्या वेळात दमा ओळखणे आणि झटका आल्यास पहिल्या काही मिनिटांत योग्य ते करणे, हे काम शिक्षकांचे आणि बरोबरच्या मुलांचे आहे. त्यापुरती माहिती येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

श्वासनलिकांत काय घडते?

छातीतील श्वासनलिकांची रचना उलट्या धरलेल्या झाडासारखी आहे, असे समजावे. गळ्यातील मोठी नळी म्हणजे खोड. छातीत उतरल्यावर तिला दोन मोठ्या फांद्या फुटतात, फांद्यांना लहान फांद्या, त्यांना डहाळ्या, आणि सर्वांच्या शेवटी कोट्यवधी इवलेसे वायुकोश. हवेतील प्राणवायू रक्तात मिसळतो तो या वायुकोशांत. दम्याचा बिघाड मुख्यतः वायुकोशांत नसतो. तेथवर हवा पोचवणाऱ्या डहाळ्यांत तो असतो.

झटक्याच्या वेळी तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, नळ्यांचे आतले अस्तर सुजते, आणि त्यातून चिकट कफ सुटून उरलीसुरली वाट अडवतो. वाट थोडी अरुंद झाली तर एवढा त्रास का व्हावा, असे कोणी विचारील. याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. नळीतून द्रव किंवा वायू संथपणे वाहत असता नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट वा चौपट न होता सोळापट होतो. लहान मुलांच्या नळ्या मुळातच बारीक. म्हणून त्यांच्या बाबतीत थोडीशी सूजही भारी पडते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. श्वास आत घेताना छाती फुगते आणि नळ्याही थोड्या रुंदावतात. श्वास सोडताना त्या पुन्हा आक्रसतात. त्यामुळे दमेकऱ्याला हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कठीण जाते. आतली हवा आतच कोंडते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. अरुंद वाटेने बाहेर पडणारी ही हवा शिट्टीसारखा आवाज करते. त्यालाच आपल्या घरांतील वडीलधारी माणसे ‘छाती वाजते’ असे म्हणतात.

दमेकऱ्यांच्या श्वासनलिका अतिसंवेदनशील असतात, आणि ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. आईला किंवा वडिलांना दमा असेल, घरात कोणाला ऍलर्जीची सर्दी किंवा त्वचेवर इसब असेल, तर मुलाला दमा होण्याचा संभव वाढतो. मात्र दमा हा स्पर्शजन्य रोग नव्हे. दमेकऱ्याच्या शेजारी बसल्याने, त्याच्या डब्यातला घास खाल्ल्याने तो कोणालाही होत नाही.

वर्गात ओळख कशी पटावी?

झटका आला म्हणजे तो कोणालाही दिसतो. परंतु झटक्यापूर्वीचा दमा ओळखावयास डोळस नजर लागते. पुढील खुणा शिक्षकांनी, पालकांनी आणि वर्गमित्रांनीही ध्यानात ठेवाव्यात.

रात्री किंवा पहाटे वारंवार येणारा कोरडा खोकला ही पहिली खूण. असे मूल पहिल्या तासाला पेंगते, कारण रात्र त्याने बसून काढलेली असते. दुसरी खूण म्हणजे प्रत्येक सर्दी छातीत उतरणे. इतरांचा खोकला आठवड्यात थांबतो. याचा दोन-तीन आठवडे चालतो. तिसरी, धावल्यावर, मोठ्याने हसल्यावर किंवा रडल्यावर उसळणारा खोकला. चौथी, छाती आवळल्यासारखी वाटणे. लहान मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही; ती छातीवर हात ठेवून “दुखतं” एवढेच म्हणतात. पाचवी खूण सर्वांत फसवी आहे. काही मुले खेळाच्या तासाला सतत काही ना काही निमित्त काढून बाजूला राहतात, जिना सावकाश चढतात, वर्ग झाडण्याची पाळी टाळतात. अशा मुलांवर आळशीपणाचा शिक्का मारण्यापूर्वी त्यांच्या श्वासाची चौकशी करावी.

यांतील एखाद्या खुणेवरून दमाच आहे असा निर्णय करू नये. खोकल्याची कारणे अनेक असतात. खुणा पुन्हा पुन्हा दिसू लागल्या, की पालकांना बोलावून डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला द्यावा, इतकेच आपले काम. डॉक्टर छाती तपासतात आणि साधारण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांना यंत्रात जोराने फुंकावयास लावून श्वासाचा वेग मोजतात.

दमा कशाने चाळवतो?

दमा चाळवणाऱ्या गोष्टी प्रत्येकाच्या निरनिराळ्या असतात. तरीही आपल्या गोव्यातील वर्षाचे चक्र डोळ्यांपुढे आणले, तर त्यातील बहुतेक आपोआप सापडतात.

पहिला मान पावसाळ्याचा. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीनशे सेंटिमीटर पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, कपाटातील पुस्तकांना आणि चामड्याच्या चपलांना बुरशी धरते. या बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेतून छातीत जातात. दमट हवेत गाद्या-उशांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. ते मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे लहान असल्यामुळे आपल्याला दिसत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेने अनेकांचा दमा उसळतो. शिवाय पावसाळ्याच्या तोंडी सर्दी-पडशाची साथ येते, आणि मुलांच्या दम्याचे झटके सर्वांत अधिक येतात ते सर्दीच्या पाठोपाठ.

मग चवथ येते. चवथीपूर्वी घराची साफसफाई निघते, माळ्यावरचे सामान खाली येते, जळमटे झाडली जातात आणि कधी रंगही काढला जातो. दमा असलेल्या मुलाला त्या दिवसांत हौसेने झाडणीला लावू नये. नंतर धूप, अगरबत्ती आणि फटाक्यांचा धूर. दिवाळीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुर उभे राहतात आणि पहाटे त्यांचे दहन होते. ही आपली मोठ्या हौसेची प्रथा. पण फटाक्यांच्या दारूचा धूर पहाटेच्या गारव्यात जमिनीलगत साचून राहतो आणि ती पहाट दमेकऱ्याला जड जाते. त्याने हा सोहळा थोड्या अंतरावरून, वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूस उभे राहून पाहावा. पुढे थंडीच्या दिवसांत सकाळची कोरडी गार हवा, शिमग्यात गुलाल, उन्हाळ्यात मिरच्या कांडताना उठणारा ठसका, खाणपट्ट्यांत रस्त्यावर उडणारी तांबडी धूळ, आणि बारा महिने चुलीचा, विडी-सिगारेटचा व डास मारण्याच्या अगरबत्तीचा धूर, अशी ही मालिका आहे.

हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. लंडन शहरात एका मोठ्या रहदारीच्या रस्त्याजवळ राहणारी एला किस्सी-डेब्राह ही नऊ वर्षांची शाळकरी मुलगी २०१३ साली दम्याने मरण पावली. तिच्या मृत्यूच्या दुसऱ्या चौकशीत, २०२० साली, तेथील मृत्युसमीक्षकांनी हवेचे प्रदूषण हेही तिच्या मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवले. त्या देशात एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूचे कारण म्हणून प्रदूषणाचा असा उल्लेख त्यापूर्वी झालेला नव्हता.

शाळेतही दमा चाळवणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. फळा पुसताना उडणारी खडूची भुकटी, सकाळी प्रार्थनेपूर्वी कोरड्या केरसुणीने झाडलेला वर्ग, ग्रंथालयातील वर्षानुवर्षे न हलवलेल्या पुस्तकांवरची धूळ, प्रयोगशाळेत गंधक जाळल्यावर निघणारा वायू, स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर सोडलेला कृत्रिम धूर आणि चेहऱ्यावर थापलेली पावडर, या सर्वांवर उपाय आहेत, आणि तेही फारशा खर्चाचे नाहीत. फळा ओल्या फडक्याने पुसावा. वर्ग शाळा सुटल्यावर झाडावा किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. दमा असलेल्या मुलाला फळ्यापासून दूर व खिडकीजवळ बसवावे. गंधकाचा प्रयोग दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून करावा.

दोन प्रकारची औषधे

दम्याचे औषध पोटात घेण्यापेक्षा श्वासावाटे घेणे अधिक श्रेयस्कर असते. कारण थोडेसे औषध नेमके दुखणाऱ्या ठिकाणी जाऊन पडते. ज्याला आपण सर्रास ‘पंप’ म्हणतो, त्याच्या जन्माची कथा विद्यार्थ्यांना आवडण्यासारखी आहे. अमेरिकेत औषधे तयार करणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेच्या नळीला रबरी फुगा लावलेले त्या काळचे साधन ती वापरी. ते फुटे, सांडे, आणि हाताने दाबावे लागे. केसांवर फवारा मारण्याच्या डब्यासारख्या डब्यात माझे औषध का मिळू नये, असा प्रश्न तिने वडिलांना विचारला. त्या प्रश्नातून १९५६ साली पहिला मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला. पुढे १९६९ साली साल्ब्युटामॉल आणि १९७२ साली सूज कमी करणारे बेक्लोमेथासोन ही औषधे पंपातून मिळू लागली.

ही दोन औषधे दोन वेगळ्या कामांची आहेत, आणि त्यांतील फरक न समजल्यामुळे मोठा घोटाळा होतो. साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. त्याला आपण तातडीचा पंप म्हणू. तो बहुधा निळ्या रंगाचा असतो. तथापि रंगावर न विसंबता नाव वाचावे. दुसऱ्या पंपातील स्टेरॉइड औषध नळ्यांची सूज हळूहळू उतरवते. त्याचा गुण यावयास दिवस लागतात आणि तो रोज, बरे वाटत असतानाही, घ्यावा लागतो. हा रोजचा पंप. तातडीच्या पंपाने लगेच बरे वाटते, म्हणून पुष्कळ घरांत रोजचा पंप बंद पडतो आणि आतली सूज तशीच राहते. दम्याच्या उपचारांविषयी जगभर मार्गदर्शन करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, बारा वर्षांवरील रुग्णांनी केवळ तातडीच्या औषधावर विसंबून राहू नये. अलीकडे मोठ्या मुलांना दोन्ही कामांची औषधे एकत्र असलेला एकच पंपही दिला जातो. आपल्या मुलासाठी कोणता योग्य, हे डॉक्टरांकडून समजावून घ्यावे.

‘स्टेरॉइड’ या शब्दाने पालक बिचकतात. पंपातून मिळणारी मात्रा अगदी अल्प असते. तिने उंची वाढण्याचा वेग थोडा मंदावू शकतो, पण अखेरच्या उंचीत पडणारा फरक सुमारे एक सेंटिमीटरचा असतो. उलट, दमा मोकाट सोडला तर मुलाची झोप, भूक, खेळ, अभ्यास आणि वाढ या सर्वांचीच हानी होते. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंड येत नाही. पंपाची सवय लागते ही समजूतही खोटी आहे. चष्मा रोज लागतो, म्हणून चष्म्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही.

दरवर्षी मृगाच्या सुमारास हैदराबादेस दमेकऱ्यांना औषध भरलेला लहानसा जिवंत मासा गिळावयास देतात आणि दूरदूरची माणसे तेथे गर्दी करतात. घरोघरी इतर उपायही चालतात. श्रद्धेच्या प्रश्नात शिरण्याचे आम्हाला प्रयोजन नाही. आमची विनंती एवढीच की, कोणत्याही उपायापायी डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नये.

पंपाला जोडावयाच्या प्लास्टिकच्या पोकळ नळकांड्याला स्पेसर म्हणतात. फवारा त्यात साठतो आणि मुलाला तो सावकाश ओढून घेता येतो. नुसत्या पंपाने बरेचसे औषध जिभेवर आणि घशातच अडकते. स्पेसर नसल्यास साध्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाचे तोंड घट्ट बसेल असे छिद्र पाडूनही काम भागते. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, झटक्याच्या वेळी अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडल्याचे दाखवले आहे.

वर्गात झटका आला तर

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ऑस्ट्रेलियातील शाळांत शिकवला जाणारा ‘चार-चार-चार’ हा नियम लक्षात ठेवावयास सोपा आहे.

१. मुलाला सरळ बसवावे. पुढे किंचित झुकून, हात गुडघ्यांवर किंवा बाकावर टेकून बसले तर बरे वाटते. आडवे निजवू नये. गळ्याशी आवळलेला टाय किंवा गुंडी सैल करावी. आपण शांत राहावे. आपली घाबरगुंडी पाहून मूल अधिक घाबरते. भोवती गर्दी करू नये आणि मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये.

२. तातडीचा पंप हलवून स्पेसरला लावावा. एक फवारा सोडावा आणि मुलाला स्पेसरमधून चार श्वास घेऊ द्यावेत. याप्रमाणे एकामागून एक असे चार फवारे द्यावेत. चारही फवारे एकदम सोडू नयेत.

३. चार मिनिटे थांबावे.

४. आराम न पडल्यास पुन्हा चार फवारे द्यावेत. तरीही आराम नसेल तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी, “दम्याचा झटका आहे” असे स्पष्ट सांगावे, आणि ती येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे देत राहावे. पालकांना कळवावे, पण रुग्णवाहिका बोलावण्यासाठी पालकांची वाट पाहू नये.

मुलाजवळ डॉक्टरांनी लिहून दिलेला वेगळा कागद असेल तर त्याप्रमाणे वागावे. मुलाचा स्वतःचा पंप सापडत नसेल आणि झटका मोठा असेल, तर दुसऱ्या मुलाचा तातडीचा पंप वापरण्यास हरकत नाही. त्या चार फवाऱ्यांनी छातीत थोडी धडधड होईल, हातांना कंप सुटेल, पण त्यापलीकडे अपाय होण्याचा संभव फार कमी.

काही लक्षणे दिसताच मात्र चार मिनिटांचाही हिशोब करू नये. रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी आणि फवारे चालू ठेवावेत. मुलाला एक पूर्ण वाक्य बोलता येत नाही, एक-दोन शब्दांवर ते थांबते, प्रत्येक श्वासासरशी गळ्याची खळगी आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, ओठ किंवा नखे निळसर पडतात, मूल पेंगुळते किंवा गोंधळते. आणखी एक लक्षण विशेष घातक असते. आतापर्यंत वाजणारी छाती एकाएकी शांत होते आणि पाहणाऱ्याला वाटते, बरे झाले. पण मूल अजूनही धडपडतच असेल, तर ही शांतता नळ्यांतून हवा जवळजवळ जात नसल्याची असते.

खेळ व सहल

दमा आहे म्हणून मुलाला मैदानावरून हद्दपार करणे हा उपाय नव्हे. दमा ताब्यात असेल तर असे मूल खेळू शकते, आणि त्याने खेळावेच. अमेरिकेची जलतरणपटू एमी व्हॅन डायकेन हिला लहानपणापासून दमा होता. तिने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवली. इंग्लंडची धावपटू पॉला रॅडक्लिफ हिलाही दमा. तिने २००३ साली लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पुरी केली आणि तो जागतिक विक्रम २०१९ पर्यंत टिकला.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी अशा मुलास एकदम धावावयास न लावता दहा मिनिटे हळूहळू अंग तापवू द्यावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळापूर्वी दहा-पंधरा मिनिटे तातडीचा पंप घेऊ द्यावा. खेळताना धाप लागून छाती वाजू लागली तर खेळ लगेच थांबवावा. सहलीला निघताना तर पंप आणि स्पेसर मुलाच्या हातातल्या पिशवीत असले पाहिजेत. बसच्या टपावर बांधलेल्या सामानात ते असून नसून सारखेच.

लपवाछपवीचा धोका

आमच्या पाहण्यात एक विद्यार्थिनी होती. इयत्ता आठवीत शिकणारी, अभ्यासात चांगली, स्वभावाने मितभाषी. खेळाचा तास आला की सर्वांची दप्तरे राखावयास ती आपण होऊन बसे. मैत्रिणी तिला ‘राखणदार’ म्हणून चिडवीत. तिला दमा होता आणि पंपही होता; पण तो घरी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. ‘मुलीची जात, उद्या चार लोकांत कळले तर सोयरीक जमायची पंचाईत,’ अशी घरच्यांची भीती. एके दिवशी शाळेतच तिला धाप लागली. वर्गाला वाटले, ती रडते आहे. घरून पंप येईपर्यंत जो वेळ गेला, तो तिच्या आईला जन्मभर पुरेल इतका मोठा होता. सुदैवाने मुलगी वाचली. त्यानंतर पंप दप्तरात आला, वर्गाला त्याची माहिती दिली गेली, आणि चिडवणाऱ्या मैत्रिणींपैकीच दोघींनी स्पेसर कसा लावावयाचा ते शिकून घेतले. पुढच्या वर्षी क्रीडादिनाच्या संचलनात ती होती. तिचे लग्न व्हावयाचे तेव्हा होईल. पण त्यासाठी आधी तिने जगले पाहिजे, हे तिच्या आईचेच शब्द.

ही भीती एका घराची नाही. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईने तपासणी करून २०१४ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील ८७ रुग्णांनी वैद्यकीय मदत मागितलीच नव्हती, किंवा मदत पोचण्यापूर्वीच ते गेले होते. आपल्या देशाचे चित्र अधिक चिंताजनक आहे. २०१९ च्या अंदाजाप्रमाणे जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असताना, दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात झाले. रोग तोच, औषधे तीच. फरक पडतो तो रोग वेळेवर ओळखला न जाण्याने, रोजचे औषध न घेण्याने, आणि पुष्कळदा लपवण्याने.

शाळेने आणि घराने

वर्षाच्या आरंभी प्रवेशपत्राबरोबरच पालकांना विचारावे : मुलाला दमा आहे काय? असल्यास एका कागदावर चाळवणाऱ्या गोष्टी, औषधांची नावे, डॉक्टरांचा सल्ला, पालकांचा दूरध्वनी आणि औषध देण्यास त्यांची संमती लिहून घ्यावी. त्या कागदाची एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक कार्यालयात आणि एक खेळाच्या शिक्षकांकडे असावी. मोठ्या मुलाचा पंप त्याच्या दप्तरात, लहानाचा वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणात राहावा. कुलपात कधीच नव्हे. पंपाच्या डब्यावरील मुदतीची तारीख आणि उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दर महिन्याला पाहावा. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना एक तातडीचा पंप स्वतःजवळ बाळगण्याची कायद्याने मुभा मिळाली आहे. आपल्याकडेही शाळेने जवळच्या आरोग्यकेंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्याने एक पंप आणि एक स्पेसर प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवावा.

घरच्यांनी गाद्या-उशा पावसाळ्यापूर्वी कडक उन्हात टाकाव्यात, चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावेत, आणि घरात कोणी धूम्रपान करीत असल्यास त्याला विनयाने पण ठामपणे बाहेरचा नव्हे, तर व्यसन सोडण्याचाच मार्ग दाखवावा. कारण कपड्यांना चिकटलेला धूरही मुलाच्या छातीत जातो.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचा शब्द तुमच्याशी. ज्यांना दमा आहे त्यांनी आपला पंप लपवू नये आणि धाप लागताच हात वर करून सांगावे. तास बुडेल, सर रागावतील, असा विचार मनात आणू नये. ज्यांना दमा नाही त्यांनी पंप घेणाऱ्याकडे टकमक पाहू नये, त्याला चिडवू नये, आणि पंप हे खेळणे समजून त्याची ओढाताण करू नये. तुमच्या बाकावरचा मित्र बोलता बोलता थांबला, खांदे वर उचलून श्वास घेऊ लागला, तर एकाने त्याच्याजवळ बसावे, दुसऱ्याने पंप काढून द्यावा आणि तिसऱ्याने शिक्षकांना बोलवावे. त्याला एकट्याने कार्यालयापर्यंत चालत पाठवू नये. ही तिघांची कामे आजच आपापसांत वाटून घ्या. अशी वेळ तुमच्या वर्गावर न येवो. पण आलीच, तर कोणी काय करावयाचे याचा विचार करण्यात एकही मिनिट जाता कामा नये.